बिलात न दिसणारं सरपण



मार्च संपला की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे लाईट बिल. बचत गोळा होते, हप्ते लिहून होतात, रजिस्टर मिटतं आणि मग कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, दोन खोल्यांचं घर आमचं, तरी एवढं बिल कसं काय येतं?" प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर देतेच. पण आधी एक गोष्ट सांगते: आपल्या गावाकडच्या घरात सगळ्यात जास्त ऊर्जा जिथे खर्च होते, तिचं बिल येतच नाही. ती चुलीत जाते. तिला मीटर नाही, म्हणून घरातल्या कुणालाच ती खर्च वाटत नाही. ज्या बाईच्या डोक्यावरून मोळी येते, तिलाही नाही.

आधी बिल बघू. वीज युनिटमध्ये मोजतात. 1000 वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट पडतं. हे एवढं लक्षात ठेवलं तर बाकीचा हिशोब पाचवीतली पोरगीसुद्धा करून देईल. 60 वॅटचा जुना पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला 9 युनिट खातो. त्याच जागी 9 वॅटचा एलईडी लावला तर दीड युनिटसुद्धा होत नाही. बहुतेक घरांत आता एलईडी आलेत, पण गोठ्यात, न्हाणीत आणि चुलीपाशी अजून पिवळा बल्ब दिसतो. "तिथे कशाला चांगला दिवा" असं म्हणतात. गोठ्यातला बल्ब तर रात्रभर चालू असतो, म्हणजे तिथेच आधी बदलायला हवा.

पंख्याचं गणित मोठं आहे. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास घेतो. उन्हाळ्यात दिवसाचे 15 तास चालला तर महिन्याला 33-34 युनिट. नवीन बीएलडीसी पंखे 30 वॅटच्या आसपास चालतात, म्हणजे त्याच वापराला 13-14 युनिट. एका पंख्यामागे महिन्याला 20 युनिट वाचतात. पण हा पंखा महाग असतो, त्यामुळे चालू पंखा काढून तो घ्या असं मी सांगणार नाही. जुना पंखा जळाला आणि रीवाइंडिंगला न्यायची वेळ आली, की तेव्हा विचार करा. त्याला जुना रेग्युलेटर चालत नाही, एवढं वायरमनला आधी सांगा. फ्रीज घेणार असाल तर त्यावरच्या तारे असलेल्या चिकट पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतात तो आकडा छापलेला असतो. दुकानदार तारे दाखवतो, तुम्ही तो आकडा वाचा.

आणि मोबाईलचा चार्जर? त्यावरून सुनेला बोलणं सोडून द्या. त्यात काही नसतं.

बिल वाचताना युनिटचे टप्पे बघा. घरगुती ग्राहकाला 0 ते 100, 101 ते 300, 301 ते 500 आणि त्यापुढे असे टप्पे आहेत. शंभराच्या पुढच्या युनिटला वीज आकार जवळपास दुप्पट लागतो. पण बऱ्याच जणींना वाटतं की 101 युनिट झालं की सगळं बिलच दुप्पट दराने येतं. तसं नाही. फक्त शंभराच्या वरची जेवढी युनिट आहेत, तेवढ्यांनाच चढा दर. म्हणून ज्यांचं बिल 110-120 युनिटचं येतं, त्यांनी थोडीशी बचत केली तरी फरक दिसतो. एकही युनिट वापरलं नाही तरी स्थिर आकार मात्र भरावाच लागतो.

आता पाणी तापवायच्या रॉडकडे येऊ, कारण तिथेच वीज आणि चूल यांची गाठ पडते. हिवाळ्यात 20 लिटरची बादली अंघोळीइतकी गरम करायला साधारण अर्धं युनिट लागतं. 1500 वॅटचा रॉड ते काम 20 मिनिटांत करतो. घरात पाच माणसं असतील तर दिवसाला अडीच युनिट, महिन्याला 75. म्हणजे घरातले सगळे दिवे, टीव्ही एकत्र केले तरी अंघोळीच्या पाण्याची बरोबरी होत नाही. हा आकडा सांगितला की लगेच ठरतं, "बास, रॉड बंद. उद्यापासून पाणी चुलीवर." बिल उतरतं. घरचे खूश.

खरंच वाचलं का काही? तेच पाणी चुलीवर तापवताना किती सरपण लागतं ते मोजू. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण चार युनिट विजेइतकी उष्णता असते. पण तीन दगडांच्या उघड्या चुलीत त्यातली दहाव्या हिश्श्याएवढीच भांड्याला लागते, बाकीची आजूबाजूला जाते. म्हणजे एका बादलीला किलोभराहून थोडं जास्त लाकूड. पाच बादल्यांना दिवसाला पाच-सहा किलो. महिन्याला दीड क्विंटल. कापूस मोजणाऱ्या बायका आहात तुम्ही, दीड क्विंटल म्हणजे किती ते मी सांगायला नको. 20 किलोची मोळी धरली तर महिन्याला सात-आठ मोळ्या, त्याही नुसत्या अंघोळीच्या पाण्यासाठी. स्वयंपाक वेगळाच. बिलातले 75 युनिट गेले कुठे नाहीत, ते तुमच्या डोक्यावर आले.

म्हणून मी म्हणते, बचत सुरू करायची तर न्हाणीपासून करा. त्याला फार पैसे लागत नाहीत. भाकरी करताना चुलीचा वैल रिकामा असतो, त्यावर पाण्याचं पातेलं ठेवायची आपल्या आज्यांची पद्धत होती. मागच्या भोकातून जो जाळ नाहीतरी वायाच जातो, त्यात पाणी तापतं. झाकण मात्र ठेवाच. उघड्या पातेल्यातून उष्णता वाफेबरोबर निघून जाते. दुसरं, आपल्याकडे ऊन काही कमी नाही. ठिबकची 16 मिमीची साधी काळी नळी, म्हणजे ड्रीपर नसलेली, 100 मीटर गुंडाळून स्लॅबवर किंवा पत्र्यावर ठेवली तर तिच्यात 15 लिटरच्या आसपास पाणी मावतं आणि दुपारपर्यंत ते चांगलं तापतं. एक तोंड टाकीला, दुसऱ्या तोंडाला कॉक. हे पाणी प्यायला वापरायचं नाही, आणि सकाळी ते गार असतं. पण शेतातून आल्यावर संध्याकाळी अंघोळ करणाऱ्या घरात एक-दोन बादल्यांचं सरपण सरळ वाचतं. सकाळच्याच अंघोळीचा हट्ट कुणाचा आहे ते बघा, आणि ज्याचा आहे त्याने मोळी आणावी. हे माझं वैयक्तिक मत समजा.

गॅस आहे, पण चहापुरता

उज्ज्वला योजना 1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातल्या बलियात सुरू झाली. तिची आठ कोटीवी जोडणी कुठे दिली गेली, माहीत आहे? आपल्याच जिल्ह्यात. 7 सप्टेंबर 2019 रोजी शेंद्र्याच्या ऑरिक सिटीत बचत गटांच्या महिलांचा राज्यस्तरीय मेळावा झाला होता, पंतप्रधान आले होते, त्या कार्यक्रमात. तुमच्यापैकी काही जणी गाड्या भरून त्या मेळाव्याला गेलेल्या आहेत. नंतर 2024 मध्ये राज्य सरकारने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देणारी मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना जाहीर केली.

म्हणजे शेगडी घरोघरी पोचली. पण मी घरभेटीला जाते तेव्हा बहुतेक ठिकाणी गॅस ओट्यावर पुसून ठेवलेला असतो आणि बाहेर चूल पेटलेली असते. चहा, पाहुण्यांचे पोहे गॅसवर. भाकरी, डाळ आणि पाणी चुलीवर. यात बाईचा अडाणीपणा नाही. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर 14.2 किलोची टाकी महिना-दीड महिना जाते. रोख पैसे मोजून टाकी आणायची आणि पऱ्हाट्या तर घरच्याच, फुकटच्या. मग कोण गॅस जाळेल?

फक्त त्या फुकटाची दुसरी बाजू बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुलीच्या धुराने 2020 या एका वर्षात जगभरात 32 लाख लोक गेले. लहान पोरांना होणारा न्यूमोनिया, बायकांचा जुनाट खोकला आणि दम, डोळ्यांत लवकर येणारा मोतीबिंदू, या सगळ्याशी धुराचा संबंध आहे. बिडी न ओढणाऱ्या बाईची छाती बिडी ओढणाऱ्यासारखी होते ती यामुळे. दवाखान्याचा खर्च सरपणाच्या हिशोबात कुणी लिहीत नाही.

चूल एका दिवसात सुटणार नाही, मला माहीत आहे. मग गॅस जिथे सगळ्यात जास्त उपयोगी आहे तिथे तो वापरा. डाळ, हरभरा, चवळी ही वेळ खाणारी कामं कुकरमध्ये आणि गॅसवर. कडधान्य रात्री भिजवा. शिट्टी झाली की आच बारीक करा. मोठ्या जाळावर पाणी काही जास्त गरम होत नाही, उकळी ती उकळीच. अशी टाकी पुरवून वापरली तर धुरात बसायचा वेळ निम्म्यावर येतो.

जी चूल राहणार आहे ती तरी सुधारा. लाकडाच्या खालून हवा गेली पाहिजे, ही एकच गोष्ट महत्त्वाची. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी गजांची छोटी जाळी करून घ्या, दोन-तीन इंच उंच पाय असलेली. ती चुलीत ठेवून तिच्यावर सरपण लावा. राख खाली पडते, हवा वर येते, फुंकणी कमी लागते, धूर घटतो. सरपण जूनच्या आधी पत्र्याखाली घ्या. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळवतं, मग तुमचं. धुराडं असेल तर महिन्यातून एकदा काजळी काढा. नाहीतर ते असून नसल्यासारखं.

विकतची नवी चूल घेणार असाल तर एक खरी गोष्ट ऐका. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या कामातून उभी राहिलेली स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था तुम्हाला ठाऊक असेल. लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या तिच्या बायका सौर दिवे आणि सुधारित चुली गावोगाव विकतात, त्या कामाचा 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांकडून सन्मानही झाला. त्याच भागात 2006 नंतर 'ऊर्जा' नावाची एक शेगडी आली. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेचं तंत्र, मोठी कंपनी पाठीशी, धूर जवळजवळ नाही. लाखो शेगड्या विकल्या गेल्या. पण तिला शेतातल्या काडीकचऱ्यापासून कारखान्यात बनवलेल्या गोळ्याच लागायच्या. गोळ्यांचा भाव चढला आणि घरोघरच्या शेगड्या माळ्यावर गेल्या. शेगडी चांगलीच होती. तेव्हा दुकानात चूल बघताना पहिला प्रश्न हा विचारा: हिला माझ्या अंगणातल्या तुराट्या चालतील का?

गोबरगॅसचं पण तसंच. दोन घनमीटरचा संयंत्र चार-पाच माणसांचा स्वयंपाक करतो. त्याला तीन-चार जनावरं आणि रोजचं 50 किलो शेण लागतं. वर त्यातून निघणारी रबडी शेताला शेणखतापेक्षा सरस. पण शेणाइतकंच पाणी रोज ओतावं लागतं, हे सांगायला लोक विसरतात. ज्या गावाला मेमध्ये टँकर येतो, तिथे हा विचार आधी करा. धुण्या-भांड्याचं साबणाचं पाणी त्यात चालत नाही, आतले जंतू मरतात. जनावरं आणि विहिरीला पाणी, दोन्ही असेल तर मात्र यासारखी सोय नाही. चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात.

पत्र्याखालचं ऊन

मराठवाड्यातलं जुनं माळवदाचं घर आठवा. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर लाकडं आणि त्यावर मातीचा थर. एप्रिलमध्येही दुपारी आत शिरलं की हुश्श व्हायचं. शहरातल्या पाणचक्कीला गेलात तर तिथल्या हौदाकडे नीट बघा. त्या हौदाच्या पोटाशी एक मोठं दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छत. डोक्यावर पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यात आत गारवा. म्हणजे छत थंड तर घर थंड, हे आपल्याकडे लोकांना कधीचंच माहीत होतं.

आता माळवद पाडून आपण पत्रे टाकले किंवा घरकुलाचा स्लॅब. माळवदाला उंदीर, पावसाळ्यात गळती, दरवर्षी माती, ते सगळं बाईच्याच वाट्याला यायचं. त्यामुळे पक्कं घर हवंच होतं, त्यात वाद नाही. पण पत्रा दुपारी भाजतो आणि स्लॅब दिवसभर प्यायलेलं ऊन रात्री घरात सोडतो. मग पंखा गरम हवाच फिरवत बसतो आणि मीटर पळतं.

छतावर पाणी मारा असं काही जण सुचवतात. आपल्याकडे ते शक्य नाही आणि करूही नये. छत पांढरं करा. पांढरा रंग ऊन परत फेकतो. अहमदाबादेत 2010 साली उष्म्याची मोठी लाट आली, माणसं दगावली. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि 2017 पासून गरीब वस्त्यांची छपरं पांढरी करायला घेतली. सेवाच्या बायकांनी उभी केलेली महिला हाउसिंग ट्रस्ट तिथे हे काम करते. अशा छताने घरातलं तापमान 2 ते 5 अंशांनी उतरतं असं तिथलं गणित आहे.

स्लॅबला चुना चालतो. स्लॅब झाडून धुवा, चुना आदल्या दिवशी भिजवा, गाळा, थोडा पांढरा सिमेंट आणि चिकटपणासाठी डिंक किंवा रंगवाल्याकडचा गोंद घाला, आणि एक हात उभा, वाळल्यावर एक हात आडवा द्या. चुना भिजवताना तो उकळतो, त्यामुळे हातमोजे घाला आणि पोरांना लांब ठेवा. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन थेट दवाखाना. पत्र्यावर चुना टिकत नाही, तिथे बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग घ्या. छतावरचं पावसाचं पाणी भरून ठेवत असाल तर पहिले दोन पाऊस वाहून जाऊ द्या. पत्र्यावर तुराट्या-पाचट पसरायची पद्धतही चांगली आहे, पण ज्या खोलीत चूल आहे तिच्यावर अजिबात नको. ठिणगीला किती वेळ लागतो?

छतावरच्या सोलरचं बोलू. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. केंद्राचं अनुदान 1 किलोवॅटला 30 हजार, 2 ला 60 हजार, 3 किंवा जास्त असेल तर 78 हजार. एक किलोवॅटला सावली नसलेली साधारण 10 चौरस मीटर जागा लागते आणि त्यातून महिन्याला शंभर-सव्वाशे युनिट निघतात. म्हणजे महिना शंभर युनिटच्या आतल्या घराला 1 किलोवॅट पुरेसं आहे, एजंट तीन म्हणाला तरी. अनुदान बसवल्यानंतर थेट बँक खात्यात येतं. "अनुदान मंजूर करून देतो, आधी एवढे भरा, ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

या योजनेत बायकांची अडचण वेगळीच निघते. अर्ज ज्याच्या नावावर मीटर त्याने करायचा. मीटर सासऱ्यांच्या नावावर, ते जाऊन दहा वर्षं झालेली, आणि घर नवऱ्याच्या. त्यामुळे सोलरचं पुढे बघू, आधी मीटर चालू नावावर करून घ्या. आणि ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला घरावर पती-पत्नी दोघांचं नाव लागतं, ते लावून घ्या. त्याला अनुदान नाही, पण खर्चही नाही.

गटाच्या रजिस्टरमध्ये आपण कर्जाची कारणं लिहितो. बी-बियाणं, शाळेची फी, दवाखाना, शेळी, गाडीचा हप्ता. कुकरसाठी, चुलीच्या जाळीसाठी, छताच्या रंगासाठी कर्ज मागायला मात्र बाई लाजते. "घरातलंच तर आहे, त्याला काय कर्ज काढायचं." त्याच घरात मोटारसायकलसाठी गटाचे 20 हजार उचललेले असतात. अंतर्गत कर्ज कशाला द्यायचं हे गट ठरवतो. हा विषय बैठकीत घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा. दहा जणींनी मिळून रंग घेतला तर घाऊक भाव मिळतो, आणि एकीच्या छतावर काम करताना बाकीच्या नऊ जणींचं शिकून होतं.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला येताना प्रत्येकीने शेवटची तीन वीजबिलं आणा. आणि त्याआधी एक आठवडा चुलीत घालायच्या आधी सरपण मोजा. कापसाचा ताणकाटा चालेल, माळ्यावरून काढा. सकाळचं वेगळं, संध्याकाळचं वेगळं, पाण्याचं वेगळं लिहा. आकडा वहीच्या मागच्या पानावर लिहिला तरी चालेल. बिलाशेजारी तो ठेवून आपण तिथेच बेरीज करू.